सुटल्यानंतरची दुखणी

—कमी झाला, साहेब, कमी झाला, लिहा की तुम्ही, बिनधास्त लिहा. त्यात विचारण्यासारखं काय आहे? माणूस प्यायचा, आता पीत नाही, मग दवाखान्याचा खर्च कमी होणार नाही तर काय वाढणार? — अहो, त्या खुर्चीत नका टेकू, तिचा मागचा पाय नुसता लावून ठेवलाय, इकडे स्टुलावर बसा. कापड सरकवा ते. सरकवा हो, पडलं तरी चालेल, खिसे आहेत नुसते. कामाच्या डगल्यांचे खिसे. मी फक्त खिसे शिवते, बाकीचा डगला दुसरीकडे होतो, माझे खिसे कुणाच्या छातीवर बसतात मला पत्ता नसतो. हात चालू ठेवते हं मी, राग मानू नका, हा गठ्ठा आज द्यायचाय. आणि तुमच्या पायाशी ती चहाची कपबशी आहे, यांची सकाळची तशीच राहिलीये, लाथ लागेल. आत मुलगी आहे माझी, पडलीये जरा, नाहीतर तिनं उचलली असती.

तर काय म्हणत होतात — हां, खर्च. तुम्ही कारखान्याच्या आरोग्य निधीतून आलात ना, ते कळलं मला. पगारातून कापून घेतात आणि आजारपणाला देतात, तो निधी. आणि त्या निधीनंच आमच्या यांना व्यसनमुक्ती केंद्रात घातलं होतं, महिनाभर आत ठेवून घेतलं, पुढे वर्षभर दर आठवड्याला बोलावून बसवलं, सगळं निधीच्या पैशांनी, नाकारत नाही मी. आता कमिटीला हिशेब पाहिजे. दारू सोडवायला एवढा पैसा ओतला, तर बाकीचा वाचला का? पोटाचा, लिव्हरचा, डोकं फुटल्याचा? म्हणून तुम्हाला घरोघर पिटाळलंय. बरोबर ना? मला माहितीये हो. केंद्रातल्या बाईंचा निरोप आला होता की कुणीतरी येईल, विचारेल, तर नीट काय ते सांगा — म्हणजे खरं काय ते सांगा, असंच म्हणाल्या त्या. चांगली बाई आहे. कमी झाला म्हणून सांगा असं काही म्हणाल्या नाहीत. म्हणजे, म्हणाल्या, पण चांगल्या मनानं म्हणाल्या, उगीच त्यांचं नाव घालू नका कुठे, त्यांची नोकरी आहे ती.

काय? वाढला? कुणाचा वाढला — आमचा? नका दाखवू मला तो कागद, चष्मा नाही माझ्यापाशी, तोंडानं सांगा. केंद्रात जायच्या आधीची दोन वर्षं निधीनं आमच्या घराला जवळजवळ काही दिलेलंच नाही, आणि नंतरची दोन वर्षं दिलंच दिलंय? हं. असेल. दिसत असेल तसं. दिसणारच. पण ते तसं नाही, साहेब. बघा, यांच्या दातांपासून धरा. पीत होते तेव्हा दात पडत होते, एकेक, कुठे पडला, कधी पडला, काही नाही, एक तर मला उशीच्या अभ्र्यात सापडला. तेव्हा कोण जातंय दाताच्या डॉक्टरकडे? दारू सुटली आणि भूक लागायला लागली, भूक लागली तर चावता येईना, मग कवळी. ती निधीनं दिली. मग डोळे. एक दिवस मला म्हणतात, अगं, दिव्याभोवती गोल गोल काय दिसतं मला? म्हटलं, कधीपासून? तर म्हणे पुष्कळ वर्षं झाली, मला वाटायचं ती दारूच. मोतीबिंदू होता हो! दोन्ही डोळ्यांना! म्हणजे माणूस कटरवर उभा आहे, पुठ्ठ्याचे ताव कापतोय, डोळ्यांत मोतीबिंदू, पोटात अर्धी बाटली, आणि दहाही बोटं शाबूत — म्हणजे आठ. आठ शाबूत. दोन अर्धी आहेत, ते राहू द्या. मग हर्निया. तो तर मूठभर वर आलेला, पट्टा बांधून हिंडत होते, दुखतंय म्हणून कधी बोलले नाहीत, कारण दुखलं की प्यायचं हे औषध होतंच. मग साखर निघाली. आणि हे सगळं झाल्यावर मी. आता तुम्ही पुरुषमाणूस, तुम्हाला काय सांगू, बायकांचं दुखणं, गाठी होत्या, किती वर्षं अंगावर काढलं त्याला सुमार नाही. डॉक्टरीणबाई मला ओरडल्या, म्हणाल्या इतकी वर्षं काय करत होतात? काय करत होते म्हणजे! यांना उचलून आणत होते.

तुमचं लग्न झालंय का? नसेल. तर सांगते, घरात एक माणूस पीत असला ना, की बाकीच्यांना आजारी पडायची सवड नसते. खरंच सांगते. मला त्या सगळ्या वर्षांत साधा ताप आल्याचं आठवत नाही. येत असेल, बघायला वेळ कुणाला होता. मुलगी लहान होती तेव्हा तिचा कान वाहायचा, तो वाहत वाहत आपोआप थांबला, आता तिला त्या कानानं कमी ऐकू येतं. ह्यांची सुटली आणि घर एकदम थंड झालं. संध्याकाळी दारावर कुणी आदळत नाही, जेवायला वेळेवर पानं मांडली जातात, आणि मग एकेकाला दुखायला लागलं. सगळी दुखणी दाराबाहेर नंबर लावून बसल्यासारखी आत आली. मी यांना म्हटलंसुद्धा, तुम्ही पीत होतात तेव्हा आपण बरे होतो की काय! हे हसले नाहीत. सुटल्यापासून यांना माझ्या थट्टा लागतात, आधी काहीच लागायचं नाही. आधी मी ह्यांना मनात अरेतुरेच करायचे — आला, पडला, ओकला. आता पुन्हा 'हे' म्हणते. सुरुवातीला जिभेला वळण लावावं लागलं.

बोटांचं? तुम्ही पण ना, नको तेच बरोबर धरता. मी राहू द्या म्हटलं होतं. — लिहिणार नसाल तर सांगते. पेन खाली ठेवा. ठेवा. तर कारखान्याला दोन गेटं आहेत, तुम्ही पुढचं बघितलं असेल, जिथे पहारेकरी बसतो आणि डॉक्टरांची खोली आहे. मागचं गेट रद्दीच्या गाड्यांसाठी. कटरवर कुणाला लागलं ना, की आधी त्याचे साथीदार त्याचं तोंड हुंगायचे. रक्त गळतंय तिकडे, आणि हे हुंगतायत. वास नसला तर पुढच्या गेटाकडे, डॉक्टरांकडे, रीतसर, निधीतून औषधपाणी. वास आला तर मागच्या गेटाकडे, रद्दीच्या गाडीत घालून वर पुठ्ठा टाकायचा. कारण डॉक्टर रक्त तपासणार, रक्तात दारू निघाली की नोकरी गेली, आणि निधीही हात वर करणार. दुष्टपणा नव्हता हो तो, माया होती. एकमेकांच्या पोरांचं खाणं वाचवत होते बिचारे. रद्दीची गाडी कंपाउंडरच्या दुकानामागे थांबायची. तो कधीकाळी एका डॉक्टरच्या हाताखाली होता, सुईदोरा त्याला यायचा. शटर खाली ओढायचा आणि शिवायचा. रोख घ्यायचा. माझ्या कानातलं त्याच्याकडेच गेलं. ह्यांची दोन बोटं पेरापासून गेली तेव्हा त्यानंच शिवली, वाकडी शिवली, मी शिवली असती तरी सरळ शिवली असती. आणि कुणी विचारलं तर आम्ही बायका सगळ्या एकच सांगायचो: बाथरूममध्ये घसरले. आमच्या चाळीत तुम्ही कुणालाही विचारा, शेजारच्या वहिनी, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्यांचे नवरे बाथरूममध्येच घसरत होते. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे फरशी कुठली बसवलीये हो!

आता कळलं का, तुमच्या कागदावर आधीची दोन वर्षं कोरी का आहेत? आम्ही कोरी ठेवली म्हणून कोरी आहेत. त्यात आमची हुशारी होती, आम्हाला वाटायचं कसं निभावून नेतोय, कुणाला पत्ता नाही. आणि केंद्रातून हे बाहेर आले तेव्हा बाईंनी सांगितलं की आता लपवायचं नाही, काही दुखलं-खुपलं तर ताठ मानेनं निधीच्या दवाखान्यात जायचं, तुमचा हक्क आहे. तर आम्ही गेलो. ताठ मानेनं. दात काढायला, डोळे कापायला, हर्निया, माझं ऑपरेशन, सगळं पुढच्या गेटानं. आणि आता कुणीतरी ऑफिसात बसून दोन रकाने शेजारी शेजारी मांडतोय आणि म्हणतोय, हा माणूस पीत होता तेव्हा किती स्वस्तात पडत होता बघा. हे आमच्या स्वप्नात तरी आलं असेल का, साहेब? नका लिहू हे. पेन खाली ठेवा म्हटलं ना. कंपाउंडर म्हातारा झालाय, त्याला त्रास नको, आणि रद्दीच्या गाडीवरची माणसं अजून तिथेच आहेत.

नाही, मी चिडलेले नाही. मशीन जोरात चाललं की तसं वाटतं. — लंबूचं बघा ना. यांच्या जोडीला होता कटरवर, उंच, म्हणून लंबू. हे दोघं बरोबरच प्यायचे, एकाच दुकानात, एकाच बाकावर. यांना केंद्रात घातलं तेव्हा त्यालाही विचारलं होतं. नको म्हणाला, माझं काही तेवढं नाही. एक दिवस सकाळी कामावर आलेल्या माणसांना सायकली लावायच्या जागी सापडला, भिंतीला टेकून बसल्यासारखा. त्याच्या बायकोला लोक म्हणाले, झोपेतच गेला, त्रास झाला नाही. तर तुमच्या कागदात तो लंबू किती बसतो? कवळी नाही, चष्मा नाही, साखरेच्या गोळ्या नाहीत, काहीच नाही. मेलेला माणूस निधीला फार स्वस्त पडतो, साहेब. आमचे हे महाग आहेत, कारण हे आहेत. सकाळी उठतात, कवळी धुतात, पाण्याची बादली भरतात, त्या वाकड्या बोटांनी मला सुईत दोरा ओवून देतात कारण आता त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. हा खर्च वाढला म्हणता तुम्ही. वाढला तर वाढला.

पण थांबा, थांबा, हे असं नको लिहायला. मी बोलण्याच्या भरात वाढला म्हणाले. तसं नाही. सुरुवातीला वाढला, असं लिहा. दोन वर्षं. ते साठलेलं होतं ना सगळं, ते बाहेर पडलं. आता ह्या वर्षाचं काढा की! ह्या वर्षी काय आहे? साखरेच्या गोळ्या, बस. माझं काही नाही. यांचं दुसरं काही नाही. ह्या वर्षाचं का नाही मोजलं? दोनच वर्षं मोजायची असं ठरलंय? कुणी ठरवलं? दुखणाईत माणूस खाटेवरून उठून पहिल्यांदा चालायला लागला की धापा टाकतोच, तेवढंच बघून कुणी म्हणेल का, हा झोपलेलाच बरा होता म्हणून? आणि मोजायचं तर मला मोजा. मला झोपेच्या गोळ्या लागायच्या, त्या मी दुकानातून तशाच आणायचे, चिठ्ठी नाही काही नाही. आता लागत नाहीत. छातीत धडधड व्हायची जिन्यावर पाऊल वाजलं की, ती गेली. म्हणजे गेली होती. आता जरा पुन्हा... ते वेगळं आहे. ते यांच्यामुळे नाही.

काही नाही हो, आत काहीतरी आपटलं असेल. मुलगी आहे म्हटलं ना माझी. प्लास्टर आहे हाताला, कुशीवर वळली की ते भिंतीला लागतं. मनगट मोडलंय. पडली. बाथरूममध्ये—

—

बघा. कसं आलं तोंडातून. विचारही करावा लागला नाही. आत्ताच तुम्हाला हसत हसत सांगितलं आणि आत्ताच... जाऊ द्या. तुम्ही बघू नका असं माझ्याकडे. खिसा चुकला माझा, उलटी बाजू शिवली. — जावई. कारखान्यातच आहे, यांच्याच खात्यात, यांनीच चिकटवला होता त्याला. दारूच्या दुकानात यांच्याच बाकावर बसायला लागला, लंबूची जागा रिकामी होती. वाईट नाही हो तो, मुळात वाईट नाही, पोरीला कधी टाकून बोललेला नाही शुद्धीत असताना. पण शुद्धीत असतो किती? तो दार उघडायला लागला आणि ही दार धरून उभी होती, इतकंच झालं म्हणते ती. इतकंच! आणि गेली कुठे आधी, तर कंपाउंडरकडे. आई, मी निधीच्या दवाखान्यात गेले नाही, त्याचं नाव बाहेर आलं असतं, असं मला सांगते. मला! मी तिला थोबाडीत द्यायला हात उचलला होता, तिच्या प्लास्टरकडे बघून खाली घेतला. कुठून शिकली ती हे? मला रात्रंदिवस तेच टोचतं, साहेब. मी तिला शिवण शिकवली नाही, स्वयंपाक धड शिकवला नाही, आणि हे मात्र न शिकवता आलं.

पण आता होईल नीट. म्हणून तर मी तुम्हाला मघापासून कमी झाला, कमी झाला म्हणतेय, एवढं ऐकून घ्या. त्याचा नंबर लागलाय केंद्रात. सोमवारी जायचंय. निधीनं मंजूर केलंय, बाईंनी स्वतः येऊन सांगितलं. तेही सहज झालेलं नाही. हे रोज त्याच्या दारात जाऊन बसतात, कामावरून सुटले की त्याच्या बरोबर चालत येतात, दारूच्या दुकानापुढून जाताना त्याचा दंड धरून ठेवतात. त्याला म्हणतात, सोमवारपर्यंत कळ काढ, फक्त सोमवारपर्यंत, पुढचं ती माणसं बघतील, मी त्यातून गेलोय. आणि काढतोय तो कळ. हात थरथरतात, घाम फुटतो, पण पीत नाही. मुलीची अट होती की तू केंद्रात जाणार असशील तर मी परत येते, तोवर नाही. तर सोमवारचं पक्कं झालं आणि तिनं हो म्हटलं. आज घ्यायला येतोय तिला. हे गेलेत त्याला आणायला. तिची पिशवी भरून ठेवलीये मी, ती बघा, दाराशी. दोन दिवस घरात दोघं राहतील, मग तो आत जाईल, मग महिनाभरानं... तर कमिटीला तुम्ही सांगा, की फायदा होतो. खर्च वाढला काय, कमी झाला काय, तुम्हाला जसं बसवता येईल तसं बसवा, पण केंद्र चालू राहू दे. आमचं घर बघितलंत ना तुम्ही? मग बघितलंय ते सांगा.

का हो? मान खाली का घातलीत?

काय झालं? — मोठ्यानं बोला. नको, हळू बोला, आत ऐकू जाईल.

परवाच? परवाच ठरलं? कमिटीनं? मग तुम्ही आज कशाला — नाही, थांबा, मला नीट कळू दे. नवीन माणसं घ्यायची नाहीत. जी आत आहेत त्यांचं पुरं करायचं आणि बंद. मंजूर झालेलीसुद्धा? त्याचं मंजूर झालंय हो, बाईंनी सांगितलंय! बाईंनाच माहीत नाही? त्यांना सोमवारी कळवणार? म्हणजे हा पिशवी घेऊन दारात उभा राहील आणि मग ह्याला सांगणार, जा परत? आणि तुम्ही हे मघापासून माहीत असून इथे बसून मला विचारताय, कमी झाला का, कमी झाला का? मग मला कशाला बोलायला लावलंत? मी कंपाउंडरचं सांगितलं, मागच्या गेटाचं सांगितलं, माझ्या पोटच्या पोरीचं... कागद पुरे करायचे होते. ठरल्यानंतर कागद पुरे करायचे असतात. बरोबर आहे, तुमचाही काय दोष, तुम्हाला पाठवलंय. तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं, तुम्ही सांगितलंत, माणूस बरे आहात. पण मला तुमचा फार राग येतोय. उठून तुमच्या अंगावर हे कात्री-कापड सगळं टाकावं असं वाटतंय मला.

वाढला, ना? लिहा मग. आमच्यामुळे वाढला. माझं ऑपरेशन नसतं झालं तर एवढा नसता वाढला, असं आहे का काही? असेल तर सांगा. मी काही मरत नव्हते त्यानं. आणखी काढलं असतं अंगावर. — नाही, रडत नाहीये. ठेवा ते पाणी तिथेच.

शू. जिना वाजला. हेच. चप्पल घासत चालतात. आणि दुसरं त्याचं, जड. बरोबर चाललंय त्याचं पाऊल, ऐका, कुठे अडखळत नाहीये. शुद्धीत आहे. आज शुद्धीत आलाय हो. — साहेब, ऐका माझं. त्यांना काही बोलू नका. यांना तर मुळीच नको, हे ह्या सोमवारच्या जोरावर त्याला धरून बसलेत, कळलं तर यांची स्वतःचीही पुन्हा सुरू होईल. सांगायचं ते मी सांगेन. उद्या सांगेन. नाहीतर सोमवारी त्याचं त्याला कळेल. आणि मुलीला... तिला आज पाठवू का हो? सांगा ना. पिशवी भरलेली आहे, तो दारात येतोय, न पाठवायला कारण काय सांगू? सांगितलं तर आत्ताच्या आत्ता तो त्या बाकावर जाऊन बसेल. नाही सांगितलं तर दोन दिवस तरी... दोन दिवस तरी बरा राहील ना तो? तुम्ही इतकी घरं फिरलात, तुम्हाला माहीत असेल. राहतो का माणूस दोन दिवस? बोला की! तो कागद आत घाला. आत घाला आधी, पिशवीत, दिसतोय तो.

— या, या. दार उघडंच आहे. जावईबापू, या, बसा, त्या खुर्चीत नको, पलंगावर बसा. ऊन लागलं का? पाणी देते हं. — हे? हे मशीनवाले. मशीनला तेलपाणी करायला बोलावलं होतं, झालं त्यांचं. नाही नाही, तसे नेहमीचे नाहीत, नवीन आहेत. डोळ्यांत धागा गेलाय माझ्या, दुसरं काही नाही. बरे दिसताय, जावईबापू. दाढी केलीत, छान केलंत. अहो, तुम्ही उभे का, त्यांच्या वाटेतून सरका ना, त्यांना निघायचंय. — अगं, आवरलं का? जावईबापू आलेत बघ घ्यायला. पिशवी बाहेरच आहे तुझी. ये. — येतेय ती, हातामुळे वेळ लागतो. — अगं? अगं, ऐकलंस का, आलेत म्हटलं!

कडी का लावलीस आतून?

— दादा, तुम्ही निघा हो आता. निघा म्हटलं ना! झालं ना तुमचं काम?